पेण-रोह्यातल्या शेताला पाणी कोणत्या पद्धतीने द्यावे?

भातकापणी आटोपली की पेण आणि रोहा तालुक्यांतल्या तरुण कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न हमखास येतो. "अनुदान मिळतंय म्हणे, ठिबक बसवू का?" विचारणारा बहुधा मुंबईत किंवा धाटावला नोकरी करणारा असतो, गावी वीस-तीस गुंठे असतात आणि आई-वडील अजून शेतात राबत असतात. आम्ही उलट विचारतो, शेत कुठे आहे? बांधाच्या आत, कालव्याखाली की माळावर? आणि सातबारा कोणाच्या नावावर? या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ठिबक चांगले की तुषार, यावर बोलण्यात अर्थ नाही. हा लेख त्यासाठीच.

या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. फेब्रुवारीत त्याच शिवारात बाया हंडे घेऊन फिरताना दिसतात. म्हणून इथे सिंचन म्हणजे नोव्हेंबर ते मे एवढ्या सात महिन्यांचा प्रश्न आहे. या सात महिन्यांची किंमत सरकारने स्वतःच एका योजनेत मांडून ठेवली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन द्यायची तरतूद आहे. म्हणजे पाणी असेल तर एका एकराचे दोन होतात, हा शासनाचा हिशेब. (पेणमध्ये योजनेच्या दराने जमीन विकायला कोण तयार होईल, हा प्रश्न वेगळा.) आपल्या बहुतेक घरांत नवी जमीन येण्याची शक्यता कमी, आहे ती बागायत करणे हाच वाटा वाढवण्याचा मार्ग उरतो. बाबासाहेबांनी १९१८ मध्ये लहान जमीनधारणेवर जो निबंध लिहिला, त्यातला युक्तिवाद इथे लागू पडतो. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या आकारावरून ठरत नाही, त्यावर भांडवल आणि साधने किती लावता येतात यावर ठरते. त्या साधनांत कोकणात पहिले पाणी.

खारेपाटात आधी बांध, मग पाणी

पेणचा पश्चिमेकडचा खाडीलगतचा पट्टा आणि रोह्याचा कुंडलिकेच्या खाडीकाठचा भाग म्हणजे खारेपाट. इथली जमीन समुद्राकडून बांध घालून मिळवलेली आहे. बांधाला जागोजागी उघाड्या असतात. ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर जाते, भरतीला उघाडीचे दार मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. पावसाळ्यात जमिनीतले मीठ धुऊन जाते म्हणून खरिपाचे भात येते. पाऊस संपला की खालचे मीठ केशाकर्षणाने पुन्हा वर चढते आणि मार्च-एप्रिलात जमिनीवर पांढरी पापुद्री दिसू लागते.

अशा जमिनीत बोअर मारून ठिबक बसवणे म्हणजे पैसे खाडीत टाकणे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. भूजल बहुतेक ठिकाणी मचूळ असते. त्या पाण्यावर तुषार लावले तर पानांवर मीठ बसून कडा करपतात. ठिबकने मीठ ओलाव्याच्या कडेला ढकलले जाते, मुळाजवळ थोडी सुटका होते, पण पाण्याबरोबर रोज नवे मीठ जमिनीत घातले जातेच. पाण्याची विद्युत वाहकता तपासून घ्या. ०.७५ डेसीसायमनपर्यंत काळजी नाही, २.२५ पर्यंत निचरा चांगला असेल तर आणि मीठ सोसणाऱ्या पिकालाच, त्यापुढे नाद सोडा. पाण्याचा नमुना एप्रिलात घ्यायचा. नोव्हेंबरात त्याच विहिरीचे पाणी गोड लागते आणि माणूस फसतो.

खारेपाटात खरा खर्च बांधावर आणि साठवणीवर करायचा. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड गेली आणि वेळेत भरली नाही, तर शेत दोन-तीन वर्षे नापीक राहते. जास्त काळ पाणी खेळत राहिले तर तिवरे उगवतात. कांदळवन तोडायला बंदी आहे, तेव्हा एकदा तिवरांचे रान झाले की सातबारा तुमचा आणि जमीन समुद्राची, अशी गत होते. म्हणून पहिली चौकशी ही करा, की आपला बांध शासनाच्या खारभूमी योजनेत आहे की खासगी? योजना शासकीय असेल तर दुरुस्तीची मागणी पेणच्या खारभूमी विकास विभागाकडे, लेखी, पावसाळ्यानंतर लगेच करायची. त्यामागे १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम आहे. खासगी असेल तर खर्च आणि श्रम खातेदारांनाच वाटून घ्यावे लागतात. ती बैठक आपल्याला वगळून झाली तर लेखी हरकत नोंदवा.

साठवणीसाठी खारेपाटाची स्वतःची जुनी पद्धत आहेच, घरामागचे गोड्या पाण्याचे तळे. त्यात जिताडा वाढवतात, कडेला वांगी-मिरची-तोंडली लावतात आणि तळ्यातून बादलीने नाहीतर लहान पंपाने पाणी घालतात. पाच-सात गुंठ्यांच्या परसाला हे पुरते. पाच फूट उंचीवर पिंप ठेवून त्याला ठिबकची नळी जोडली तर पंपाशिवायही भागते, फक्त ओळी आखूड ठेवाव्या लागतात. भातासाठी पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या क्षारसहनशील जाती आहेत. ज्या जमिनीत उन्हाळी पीक घेणे शक्यच नाही, तिथे खरीप भरवशाचा करण्यात शहाणपण आहे.

हेटवणे धरणाविषयी इथे बोलावेच लागते. पेण तालुक्यातले हे धरण सिंचनासाठी म्हणून आखले गेले. आज त्याचे पाणी नवी मुंबईच्या नळांना जाते आणि खारेपाटातले शेतकरी कालव्याची वाट बघत राहिले. तरीही त्या न पोचलेल्या पाण्याने एकदा जमीन वाचवायला मदत केली. महामुंबई सेझच्या वेळी २१ सप्टेंबर २००८ रोजी पेणच्या २२ गावांत शेतकऱ्यांचा कौल घेतला गेला, कारण ही गावे हेटवण्याच्या लाभक्षेत्रात येत होती. लाभक्षेत्र हा शब्द नुसता नकाशावरचा नाही, हे त्यावरून समजावे. आपला गट लाभक्षेत्रात आहे का, याचा दाखला पाटबंधारे खात्याकडून घेऊन ठेवा, पाणी आज येत नसले तरी.

कालव्याखालची जमीन

रोह्याची गोष्ट वेगळी. डोलवहालच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या डाव्या-उजव्या कालव्यांमुळे उन्हाळ्यात हिरवी दिसणारी शेते इथे आहेत. हे पाणी मुळात कुंडलिकेचे नाही. मुळशी धरणात अडवलेले घाटमाथ्यावरचे पाणी भिरा वीजकेंद्रातून वीज करून खाली उतरते आणि कुंडलिकेत येते. ज्या धरणाविरुद्ध १९२१ पासून मुळशीचा सत्याग्रह झाला, तेच हे. कोलाडला सकाळी राफ्टिंग करणारे पर्यटक ज्या लोंढ्यावर तरंगतात, तोच पुढे भातखाचरात जातो. याचा शेतकऱ्याच्या दृष्टीने अर्थ एवढा, की वरच्या पाण्याची वेळ विजेच्या गरजेवर ठरते आणि हे पाणी पुन्हा भीमेच्या खोऱ्यात वळवावे ही मागणी घाटावरून अधूनमधून होत असते. कालव्याचा भरवसा आहे, पण तो कायमचा धरून चालू नये.

कालव्याखाली लोक उन्हाळी भात घेतात आणि पाणी एका खाचरातून दुसऱ्यात मोकाट सोडतात. उन्हाळी भाताला हंगामात कमीत कमी १,२०० मिलिमीटर पाणी लागते. एका गुंठ्यावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण शंभर लिटर, हा हिशेब लक्षात ठेवा, सगळीकडे कामाला येतो. वीस गुंठे उन्हाळी भाताला चोवीस लाख लिटर. तेवढ्याच जागेत कलिंगड घेतले तर ४०० मिलिमीटर धरून आठ लाख. तिप्पट फरक आहे. आपली जमीन कालव्याच्या शेपटाला असेल आणि बऱ्याच ठिकाणी ती तिथेच आहे, तर वरच्यांनी भात लावले की खाली पाटात चिखल पोचतो, पाणी नाही.

मग शेपटाला असलेल्याने काय करावे? आम्ही तीन वाटा पाहिल्या आहेत. एक, भाताचा हट्ट सोडून सरी-वाफ्यावर भाजीपाला नाहीतर कलिंगड. सरीने दिलेले पाणी मोकाट पाण्याच्या तुलनेत बरेच कमी लागते आणि खर्च फक्त फावड्याचा. दोन, वाल. भातानंतरच्या ओलीवर, एकही पाणी न देता येणारे हे पीक, पोपटीच्या दिवसांत शेंगेला भाव असतो. मात्र शेजारच्या उन्हाळी भाताचा पाझर आला तर वाल पिवळा पडून जातो, म्हणून मधे खोल चर काढावाच लागतो आणि तो शेजाऱ्याशी बोलून काढावा. तीन, ठिबक. पण इथे एक अडचण आहे जी विक्रेता सांगत नाही. कालव्याचे पाणी आवर्तनाने येते, ठिबकला ते रोज किंवा दिवसाआड लागते. दोन आवर्तनांत पंधरा दिवसांचे अंतर धरले आणि दहा गुंठे पीक भरात असेल, तर रोजचे साडेपाच हजार लिटर, म्हणजे ऐंशी हजार लिटरचे अस्तर लावलेले तळे आधी हवे. बाष्पीभवन धरून थोडे जास्तच. शिवाय कालव्याचे पाणी गढूळ, शेवाळाचे. त्याला वाळूची गाळणी लागते, नुसत्या जाळीच्या गाळणीने तोट्या महिन्याभरात बुजतात. तळे नाही, वाळूची गाळणी नाही, तर कालव्यावर ठिबक घेऊ नका.

पाण्याचा अर्ज नमुना सात वर वेळेत भरून पोच घ्या. अर्ज नसेल तर शेपटापर्यंत पाणी न आल्याची तक्रारही करता येत नाही. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याप्रमाणे पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातून प्रतिनिधी घ्यायचे असतात. शेवटच्या भागाची ती जागा बिनविरोध कोणीतरी घेऊन जातो, कारण आपला माणूस त्या दिवशी मुंबईला असतो. संस्थेच्या निवडणुकीची तारीख विहाराच्या फळ्यावर लिहून ठेवायला काहीच हरकत नाही.

रोह्याच्या खाली नदीतून थेट पंप लावणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीत कुंडलिकेचे नाव आहे. त्या भागात पालेभाजीला नदीचे पाणी देण्याआधी ते तपासून घ्या. पद्धत कोणतीही असो, पाणीच वाईट असेल तर ठिबक ते फक्त काटकसरीने घालते.

माळ, वरकस आणि डोंगरपायथा

पूर्वेकडच्या डोंगरपायथ्याच्या वाड्या-वस्त्यांत जमीन उताराची, माती पातळ, खाली कातळ. इथे मोकाट पाणी देणे म्हणजे माती वाहून घालवणे, आणि इथेच ठिबक आणि तुषार यांना खरा अर्थ आहे. साधारण धरायचे तर मोकाट पाण्यातले अर्धेच पिकाला लागू पडते, तुषारने पाऊण, ठिबकने नऊ-दशांश. दहा गुंठे भाजीपाल्याला उन्हात रोज ५ मिलिमीटर लागले तर पिकाची गरज पाच हजार लिटर. ठिबकने साडेपाच हजार सोडावे लागते, तुषारने पावणेसात, मोकाट दिले तर दहा हजार.

आता विहिरीकडे बघू. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर पाणी म्हणजे सुमारे १९,६०० लिटर. एप्रिलात संध्याकाळी पंप बंद करून दोरीला खूण करा, सकाळी किती चढले ते बघा. तीस सेंटिमीटर चढले असेल तर रोजचे ५,९०० लिटर. म्हणजे ही विहीर ठिबकवर दहा गुंठे पोसेल, मोकाट पाण्यावर जेमतेम सहा. एक एकराचे ठिबक या विहिरीवर बसवले तर मार्चनंतर नळ्या वाळत पडतील. आम्ही अशा वाळत पडलेल्या नळ्या पाहिल्या आहेत, उंदरांनी कुरतडलेल्या, अनुदानाचा फलक अजून बांधाला लटकलेला. दोष ठिबकचा नव्हता, विहीर कोणी मोजली नव्हती. सौर पंपाचेही तसेच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला पाच टक्केच हिस्सा भरावा लागतो, ही चांगली गोष्ट, पण तीन अश्वशक्तीचा पंप अशा विहिरीचा तळ तासाभरात दाखवतो.

डोंगराला झरा असेल तर तो सोडू नका. शेतापेक्षा दहा मीटर उंचीवरून नळी आणली की ठिबकला लागणारा एक किलोचा दाब फुकट मिळतो, वीजबिल नाही, पंप नाही. तुषारला याच्या दुप्पट-अडीचपट दाब लागतो, तेवढी उंची क्वचित मिळते. ओढा असेल तर ऑक्टोबरच्या शेवटी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घाला. वीस जणांचे एक दिवसाचे श्रमदान आणि खालच्या विहिरींना दोन महिने जास्त पाणी. अंगमेहनतीचे काम आहे, अनुदानाचा अर्ज लागत नाही आणि ठिबकच्या आधी करायचे आहे. आंबा-काजूची नवी कलमे असतील तर पहिली दोन-तीन वर्षे प्रत्येक झाडाला आठवड्याला पाणी मिळाले की पुरे. प्लास्टिक अस्तराचे जलकुंड त्यासाठीच आहे.

कागद

पद्धत ठरली की कागद आडवे येतात, आणि आपल्या घरांत सगळ्यात जास्त अडते ते इथेच. महाडच्या चवदार तळ्याचा प्रश्न पिण्याच्या पाण्याचा होता. शेतीचे पाणी सातबाऱ्यावर चालते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजना अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांसाठी आहे. अर्ज महाडीबीटी पोर्टलवर, चौकशी पंचायत समितीच्या कृषी विभागात. नवीन विहीर, जुन्या विहिरीची दुरुस्ती, पंपसंच, वीजजोडणी, शेततळ्याचे अस्तर, ठिबक, तुषार हे सगळे यात बसते. २०१७ मध्ये नव्या विहिरीला अडीच लाख होते, २०२४ मध्ये ते चार लाख झाले. जमीन किमान ०.२० हेक्टर, म्हणजे वीस गुंठे, लागते आणि नव्या विहिरीसाठी ०.४० हेक्टर. कोकणात आपले वाटे पाहता ही दुसरी अटच बहुतेकांना बाहेर ठेवते. म्हणून नव्या विहिरीच्या मागे न लागता जुन्या विहिरीची दुरुस्ती आणि सूक्ष्म सिंचन मागावे, असा आमचा सल्ला. आणि पूर्वसंमतीचे पत्र हातात येण्याआधी साहित्य विकत घेऊ नका, दुकानदार कितीही घाई करो.

वीस गुंठे प्रत्यक्ष असून कागदावर नसतात, कारण आजोबांच्या नावाचा सातबारा आणि खाली अकरा वारस. आधी वारस नोंद करा. मग सहमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज. मुंबईच्या काकांची सही दिवाळीला गावी आल्यावर घ्यायची, व्हॉट्सअ‍ॅपवर "हो" म्हटलेले चालत नाही. बहिणींचा हिस्सा सोडपत्राने घालवून मग अनुदान घ्यायचे, ही पळवाट आमच्या मते चुकीची आहे. त्यांचे नाव ठेवून संमतीपत्र घेता येते.

जमीन जुनी महार वतनाची असेल तर १९५८ च्या कायद्याने वतन गेले, पण सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग-२ राहिले. हे बंधन हस्तांतरणावर आहे, जमीन कसण्यावर नाही. "वतनाच्या जमिनीत विहीर होत नाही" असे कोणी तोंडी सांगितले तर ते लेखी मागा.

शेवटची अडचण वाटेची. विहीर एकीकडे, शेत दुसरीकडे, मधे दुसऱ्याचा बांध, आणि तो म्हणतो माझ्या शेतातून तुमचा पाइप जाणार नाही. कारण तो सांगत नाही, आपल्याला ठाऊक असते. इथे त्याच संहितेचे कलम ४९ आहे. दुसऱ्याच्या जमिनीतून पाट किंवा पाइप नेण्याची परवानगी तहसीलदार देऊ शकतो. पाइप किमान अर्धा मीटर खोल गाडायचा, शेजाऱ्याला ठरेल ती भरपाई द्यायची. अर्जाला दोन्ही गटांचे सातबारे आणि हाताने काढलेला साधा नकाशा जोडा. आधी शेजाऱ्याशी बोला, दोन माणसे बरोबर घेऊन. जमले नाही तर अर्ज. तालुक्याला दहा जण बसचे भाडे खर्चून सभेला जातात, त्यातल्या दोघांनी येताना तहसील कचेरीत हा अर्ज टाकून पोच घेतली तरी चालेल.

विहिरीची दोरी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मोजायची आहे. वारस नोंदीला त्याआधीचे महिने पुरतात.